हौदाला उन्हाची ऊब: प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर

हौद भरला. लांबी ६ मीटर, रुंदी ४ मीटर, पाणी १ मीटर, म्हणजे २४,००० लिटर. दादाच्या संत्र्याच्या बगीच्यातला हा जुना हौद विहिरीचं पाणी साठवायला बांधला होता. ड्रिप (ठिबक सिंचन) आल्यापासून तो कोरडाच पडून होता. मागच्या उन्हाळ्यात आतून गिलावा केला, पायऱ्या काढल्या, काठाला पाइपाचा कठडा लावला आणि फाटकाला कुलूप घातलं.

हे सगळं गावातल्या पोट्ट्यांना पोहणं शिकवण्यासाठी. वरूड तालुक्यात आमच्या शिवारात आता जिकडे पाहावं तिकडे शेततळी आहेत. प्लास्टिकच्या कागदाचा गुळगुळीत उतार, त्यावर शेवाळ. आत घसरलेल्या मोठ्या माणसालाही पाय रोवता येत नाही, मग लेकराचं काय. गावात पोहता येणारी पोरं बोटांवर मोजावी इतकी. शाळेच्या मॅडम वर्षभर मागे लागल्या होत्या.

अडचण एकच. उन्हाळ्यात, जेव्हा सुट्टी असते आणि पाण्यात जावंसं वाटतं, तेव्हा आमच्या विहिरींना पाणी नसतं. जे असतं ते झाडांना लागतं. पाणी असतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेव्हा ते थंड असतं. आज सकाळी ७ वाजता २०.५ अंश. पहिली सहा पोरं उतरली आणि आठव्या मिनिटाला सगळी बाहेर. ओठ निळे, दातावर दात. सर्वात लहान मुलगी टॉवेलात अर्धा तास कुडकुडत बसली होती. अशा पाण्यात कोणी पोहणं शिकत नाही, फक्त पाण्याची धास्ती शिकतं.

स्पर्धेच्या तलावात पाणी २५ ते २८ अंश ठेवतात. शिकणारं पोर तर अर्धा वेळ काठाला धरून उभंच असतं, त्याला याहून गरम पाणी हवं. मी मनात २७ धरलं आहे.

१८ नोव्हेंबर

रात्री मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद केल्यावर हिशोब केला. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल. २४,००० लिटरला १ अंश म्हणजे साधारण २८ युनिट. २ किलोवॅटचा हीटर १४ तास चालवला तर एक अंश. विजेवर हा हौद तापवणं परवडणारं नाही, हे इथेच मिटलं.

ऊन मात्र फुकट आहे. हिवाळ्यात आमच्याकडे स्वच्छ दिवशी दक्षिणेला कललेल्या छपरावर चौरस मीटरला दिवसाकाठी ५ युनिटांच्या आसपास ऊन पडतं. काच नसलेल्या काळ्या नळ्या त्यातलं निम्मं तरी पाण्यात उतरवतात, कारण पाणी आणि हवा यांच्यात फार फरक नसतो आणि गळती कमी होते. हौद तापवायला काचेचे महाग पॅनेल लागत नाहीत ते याचमुळे. आंघोळीचं पाणी ६० अंशांवर न्यायचं असतं, हौदाचं फक्त २७ वर.

काळ्या नळ्या तर बगीच्यात ढिगाने पडल्या आहेत. दादाने दोन वर्षांपूर्वी ड्रिप बदललं, जुन्या १६ मिलिमीटरच्या लॅटरलची, म्हणजे झाडांपर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्यांची, भेंडोळी गोठ्यामागे पडून आहेत. इनलाइन असत्या तर उपयोग नव्हता, थेंबथेंब पाणी सोडणारे ड्रिपर आतच असतात. या साध्या आहेत, झाडापाशी भोक पाडून वरून ड्रिपर लावलेल्या. भोकांना प्लग मारता येतात.

२३ नोव्हेंबर

गोठ्याच्या टिनावर नळ्या चढल्या. दादा, मी, दोन गडी, दोन दिवस. ८ मीटरचे १०० तुकडे, खाली-वर ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसीचा हेडर (सगळ्या नळ्या जोडणारा जाड पाइप), प्रत्येक तोंडाला ग्रोमेट (रबरी कडं) आणि टेक-ऑफ (नळी जोडायची तोटी). ग्रोमेटला जागा लागते म्हणून नळ्या ४ सेंटिमीटर अंतरावर ठेवाव्या लागल्या. १०० नळ्यांची रुंदी ४ मीटर झाली. नळ्यांचं स्वतःचं क्षेत्र १२.८ चौरस मीटर, हौदाच्या निम्म्याहून थोडं जास्त. मधल्या उघड्या टिनाला काळा रंग दिला, तेवढीच खालून धग.

पाणी खालच्या हेडरच्या डाव्या टोकातून आत आणि वरच्या हेडरच्या उजव्या टोकातून बाहेर. असं तिरपं ठेवलं की प्रत्येक नळीतून पाण्याचा रस्ता सारख्याच लांबीचा होतो. एकाच बाजूने आत-बाहेर केलं तर जवळच्या दहा नळ्या सगळं पाणी खातात आणि बाकीच्या नुसत्या उन्हात तापत बसतात. वरच्या हेडरवर ड्रिपचाच एअर व्हॉल्व्ह बसवला. पंप बंद झाला की उतरत्या पाइपातलं पाणी खाली ओढलं जातं, आणि वरून हवा आत आली नाही तर तापून मऊ झालेल्या लॅटरल चपट्या होतात.

टिनाचा उतार १५ अंशांच्या आसपास आहे. आमचं गाव साडेएकवीस अक्षांशाच्या जवळ, हिवाळ्यासाठी खरं तर ३५ अंशांचा उतार हवा. पण त्यासाठी वेगळा सांगाडा उभारायचा तर लोखंडाचाच खर्च नळ्यांच्या दहापट. आहे तो उतार चालवून घेतला.

आर्थिंग नव्याने केलं. काळ्या मातीचं हेच दुखणं आहे, ओली असते तोवर उत्तम, वाळून भेगा पडल्या की आर्थिंग नावापुरतं उरतं. नवा खड्डा विहिरीच्या चाटीजवळ, जिथे ओल टिकते तिथे घेतला. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लावला. तो लावताच जुना अर्ध्या एचपीचा पंप ट्रिप करू लागला. खोलून पाहिलं तर सील गळून वाइंडिंगपर्यंत ओल गेलेली. आरसीसीबी नसता तर ही गळती पाण्यात उतरणाऱ्या पोरांच्या अंगाशी आली असती. पंप दुकानात नेऊन नव्याने भरला. जिथे लेकरं पाण्यात उतरतात तिथे आरसीसीबीशिवाय एकही तार ओढू नये. यात तडजोड नाही.

२५ नोव्हेंबर

पहिल्यांदा पाणी फिरवलं, हातानेच स्विच टाकून. अकरा प्लग गळाले, ते बदलले. २० लिटरची बादली २० सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला ६० लिटर.

दुपारी १२ वाजता शेजारच्या वावरातले काकाजी आले. परतीच्या पाइपाखाली हात धरला आणि म्हणाले, "एवढा पसारा मांडला अन् पाणी तं थंडंच येऊन राह्यलं ना बावा."

हात लावून मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग थर्मामीटर लावला. हौदात २२.१, परतीला २३.७. फरक १.६ अंश. हाताला हा फरक कळत नाही. पण मिनिटाला ६० लिटर पाणी १.६ अंशाने तापतंय म्हणजे साडेसहा किलोवॅट उष्णता टिनावरून खाली येते आहे. काकाजींना म्हटलं, घरच्या तीन गिझरांएवढं काम हे टिन करतंय. त्यांना पटलं नाही. ते म्हणाले, पंप हळू कर, मग गरम पाणी येईल.

हा सल्ला पुढेही अनेक जण देणार, म्हणून उत्तर लिहून ठेवतो. पंप हळू केला तर परतीचं पाणी हाताला गरम लागेल हे खरं. पण नळ्या जितक्या जास्त तापतील तितकी जास्त उष्णता त्या वाऱ्यावर उधळतील. हौदात कमीच येईल. नळ्या जितक्या गार राहतील तितकं ऊन पाण्यात उतरतं. परतीचं पाणी कोमट आहे म्हणजे काम नीट चाललं आहे.

२९ नोव्हेंबर

पाणी वाढतं आणि रात्रीतून जवळजवळ तितकंच उतरतं. आठवीतली पुतणी सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिते, तिने आणखी एक गोष्ट केली. काठाला पट्टी चिकटवून पाण्याची पातळी लिहायला लागली. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत ३ मिलिमीटर पाणी कमी. मला आधी वाटलं हौद झिरपतोय. तिने प्लास्टिकची बादली भरून हौदातच पायरीवर ठेवली. बादलीतलंही तेवढंच कमी झालं. म्हणजे झिरपत नाही, उडून जातंय.

३ मिलिमीटर म्हणजे ७२ लिटर. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला ०.६८ युनिट लागतात. ७२ लिटरला ४९ युनिट. पावणेदोन अंश! टिन दिवसभरात जेवढं कमावतं त्याहून जास्त कोरडी हवा घेऊन जाते. मी पंप आणि नळ्यांच्या मागे लागलो होतो आणि खरी गळती उघड्यावर होती.

नागपूरहून बबल शीट आणली, पारदर्शक, पॅकिंगला वापरतात ती. पट्ट्या जोडून हौदावर तरंगत ठेवली, फुगे खाली. पारदर्शकच घ्यायची, म्हणजे दिवसाचं ऊन आत जातं.

३ डिसेंबर

शीटमुळे तीन दिवसांत पातळी जेमतेम १ मिलिमीटर उतरली. सकाळचं तापमान २२.८. पंप आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर लावण्याआधीच दोन अंशांहून जास्त कमाई. शिकवणीची वेळही बदलली. सकाळी ७ ला हौद सर्वात गार असतो, दुपारी ४ ला सर्वात गरम. शाळा सुटल्यावर लगेच, ऊन असेपर्यंत. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

आता कंट्रोलर. तत्त्व साधं. एक सेन्सर टिनावर, एक हौदाच्या पाण्यात. टिन पाण्यापेक्षा पुरेसं गरम झालं की पंप चालू, फरक उरला नाही की बंद. सध्या वहिनी सकाळी स्विच टाकते आणि संध्याकाळी बंद करायला कोणी वावरात असलं तर ठीक, नाहीतर पंप अंधार पडेपर्यंत फिरत राहतो. ऊन उतरल्यावर तोच पसारा उलटा चालतो, हौदाची ऊब टिनावर नेऊन आभाळाला देतो.

सामान: आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), तापमान मोजणारे डीएस१८बी२० सेन्सर तीन (तिसरा परतीच्या पाइपावर, फक्त नोंदीसाठी), रिले, पंपासाठी कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच), १६ अक्षरी दोन ओळींचा एलसीडी. सेन्सरची तार म्हणून लॅनची केबल, टिनापर्यंत २५ मीटर. एवढ्या लांबीवर नेहमीचा ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर लावला तर मधूनच वाचन चुकत होतं, २.२ लावल्यावर थांबलं.

या सेन्सरची हमी अधिक-उणे अर्ध्या अंशाची असते. आपण तर दीड-दोन अंशांच्या फरकावर निर्णय घेणार. म्हणून फ्रीजमधला बर्फ कुटून थर्मासमध्ये पाण्यासोबत कालवला, तिन्ही सेन्सर त्यात अर्धा तास ठेवले. शून्य दाखवायला हवं, दाखवलं ०.३, उणे ०.२ आणि ०.४. तेवढी वजाबाकी प्रोग्रॅममध्ये घातली. ही पायरी टाळणाऱ्याचा कंट्रोलर पुढे का बिनसतो हे त्याला कधीच कळत नाही.

७ डिसेंबर

कंट्रोलर जोडला. टिनाचा सेन्सर वरच्या हेडरच्या तोंडाशी, जिथून गरम पाणी बाहेर पडतं तिथे पट्टीने बांधला. फरक ५ झाला की चालू, २ झाला की बंद. सकाळी साडेनऊला कॉन्टॅक्टरने खटका दिला, पंप सुरू. आम्ही सगळे टाळ्या वाजवून चहाला बसलो.

चहा संपायच्या आत पंप बंद. चार मिनिटांनी पुन्हा चालू. दोन मिनिटांनी बंद. दुपारी दीडपर्यंत पुतणीने चाळीस खटके मोजले. मोटार रिवाइंड करून पोट भरणारा माणूस आहे मी. तासाला दहा वेळा सुरू होणारी मोटार माझ्या दुकानात किती दिवसांत येते ते मला चांगलं ठाऊक आहे. हाताने स्विच टाकला आणि डबा बंद केला.

८ डिसेंबर

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी कागद घेऊन बसलो तेव्हा उलगडलं, आणि इतकं सरळ निघालं की वहीत सगळं लिहून ठेवतो.

१०० नळ्यांमध्ये मिळून ११६ लिटर पाणी मावतं. पंप बंद असताना हे पाणी उन्हात तापतं, फरक ५ होतो, पंप सुरू. मिनिटाला ६० लिटरने हे तापलेलं पाणी दोन मिनिटांत संपतं. मग सेन्सरला काय दिसतं? वाहतं पाणी, हौदापेक्षा फक्त १.६ अंशाने गरम. ते २ च्या खाली आहे, म्हणून बंद. मग ११६ लिटर पुन्हा साडेतीन अंश तापायला साडेसहा किलोवॅटने चार मिनिटं. दोन मिनिटं चालू, चार मिनिटं बंद. पुतणीच्या मोजणीशी मिनिटाला मिनिट जुळलं.

म्हणजे सेन्सर बरोबर, प्रोग्रॅम बरोबर, प्रश्नच चुकीचा विचारला होता. मी सेन्सरला विचारत होतो, बाहेर येणारं पाणी किती गरम आहे? पंप सुरू झाला की याचं उत्तर पंपच बदलून टाकतो. विचारायला हवं ते असं: छपरावर या घडीला तापवण्याजोगं ऊन आहे का? त्याचं उत्तर पंपाच्या चालू-बंद असण्यावर अवलंबून नको.

१० डिसेंबर

लॅटरलचा हातभर लांब तुकडा कापला, दोन्ही तोंडं एंड कॅपने बंद केली, आत सेन्सर सरकवला आणि बाकीच्या नळ्यांशेजारी टिनावर बांधला. त्यातून पाणी जात नाही. ऊन, वारा, टिनाची धग हे सगळं त्याला बाकीच्या नळ्यांसारखंच लागतं. आम्ही त्याला कोरडी नळी म्हणतो.

आकडे मात्र नव्याने शोधावे लागले. कोरडी नळी भर दुपारी ५० च्या वर जाते, तिथे ५ आणि २ चा उपयोग नाही. दोन दिवस पंप हातानेच चालवला आणि पुतणीने दर दहा मिनिटांनी तिन्ही आकडे लिहिले. कोरडी नळी पाण्याहून ८ अंश गरम असते तेव्हा परतीला जेमतेम ०.३ अंश मिळतात, पंपाच्या विजेपुरते म्हणा. १० झाली की अर्ध्या अंशाच्या वर. म्हणून १० ला चालू, ६ ला बंद. वरून एकदा सुरू झाला की किमान पाच मिनिटं चालायचा, ढगाच्या एका तुकड्याने बंद व्हायचं नाही.

१५ डिसेंबर

पाच दिवसांत, स्वच्छ ऊन असलेल्या प्रत्येक दिवशी एकच खटका सकाळी आणि एकच संध्याकाळी. पावणेदहाच्या आसपास चालू, पावणेचारला बंद. सहा तासांत २१,६०० लिटर, म्हणजे जवळजवळ सगळा हौद एकदा टिनावरून फिरून येतो. सरासरी १.२ अंशाची वाढ धरली तर ३० युनिट, हौदाला एक अंशाहून थोडं जास्त. पंप खातो अडीच युनिटांच्या आत.

आज दुपारी ४ वाजता २५.९.

अंबिया बहराचा ताण सुरू आहे, म्हणजे फुलोरा यावा म्हणून झाडांचं पाणी बंद. त्यामुळे विहिरीची मोटार मोकळी आणि दादाही मोकळा. फाटकापाशी कायम मोठं माणूस हवं हा आमचा नियम, तो या महिन्यात पाळायला सोपा गेला.

१९ डिसेंबर

शिवारात हरभरा-गव्हाचं ओलीत चालू आहे, व्होल्टेज पडतं. आज दुपारी १८० पर्यंत उतरलं. कॉन्टॅक्टर थडथडत होता, चालू ना बंद. कॉइलच्या ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २३० च्या कॉइलला १९५ व्होल्टपर्यंतच कॉन्टॅक्टर नीट ओढतो. त्याखाली तो फडफडतो आणि दर फडफडीला कॉन्टॅक्ट जळतात. व्होल्टेज मोजणारं छोटं मॉड्यूल नॅनोला जोडलं. २०० च्या खाली पंप सुरूच करायचा नाही, आणि वीज येऊन तीन मिनिटं झाल्याशिवायही नाही.

२२ डिसेंबर

कॉन्टॅक्टर बंद होताना एलसीडीवर चिनी लिपीसारखं काहीतरी उमटायचं. कॉइलवर ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा स्नबर (विजेचा झटका शोषणारी जोडणी) लावला, सेन्सरची केबल पंपाच्या तारेपासून हातभर दूर नेली. थांबलं.

२९ डिसेंबर

सकाळी साडेसहाला पुतणीचा फोन. "काका, पंप चालू आहे. छपरावर ८५ दाखवून राह्यलं."

धावत गेलो. बाहेर बोटं वाकत नव्हती इतकी थंडी, टिनावर दव, आणि डब्यावर ८५.० अंश. पंप रात्री केव्हापासून फिरत होता कोण जाणे. रात्री दहाला दादा झोपायला गेला तेव्हा बंद होता. एरवी शीटखाली रात्रीतून ०.८ अंश उतरतात, आज १.८ उतरले होते. एका दिवसाचं ऊन आम्ही रात्री आभाळाला परत दिलं.

टिनावर चढलो. वानरांची टोळी संध्याकाळी आंब्यावरून टिनावर आली होती, केबल ओढून जोड सैल केलेला. तीन तारांपैकी लाल, म्हणजे वीज देणारी, तुटलेली. डेटा आणि काळी शाबूत. हा सेन्सर डेटाच्या तारेतूनच थोडी वीज चोरून जिवंत राहू शकतो, बोलतो, पण तापमान मोजण्याएवढी ताकद त्याच्यात उरत नाही. मग तो जागा होतानाचा ठरलेला आकडा सांगत राहतो: ८५. पूर्ण तुटला असता तर प्रोग्रॅमला उणे १२७ दिसलं असतं आणि पंप बंदच राहिला असता. अर्धवट तुटलेली तार जास्त घातकी.

चूक माझी. सेन्सर जे सांगेल ते खरं धरून चाललो होतो. आजपासून:

कोरडी नळी उणे ५ च्या खाली किंवा ८० च्या वर गेली की तो बिघाड, पंप बंद, बझर चालू. सकाळी साडेआठच्या आधी आणि संध्याकाळी साडेचारनंतर काहीही झालं तरी पंप चालणार नाही. त्यासाठी सेलवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल बसवलं. केबल अर्धा इंची पीव्हीसी पाइपातून नेली.

२ जानेवारी

प्रोग्रॅम अडकला तर नॅनो आपोआप पुन्हा सुरू व्हावा म्हणून वॉचडॉग चालू केला. पहिल्यांदा अडकला आणि मग सुरूच होईना, नुसता लुकलुकत राहिला. जुन्या बूटलोडरच्या (सुरू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) नॅनोला हा रोग असतो, वॉचडॉगने उठवला की बूटलोडर संपायच्या आत वॉचडॉग पुन्हा त्याला पाडतो. नवा बूटलोडर भरला. एक संध्याकाळ गेली.

११ जानेवारी

तीन दिवस गारठा. विदर्भाबाहेरच्यांना आमचा फक्त उन्हाळा माहीत असतो, पण २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. यंदा तेवढं नाही, तरी सकाळी शेकोटीपासून उठवत नाही. वर ढग. पंप दिवसातून तीन-चारदा, वीस-वीस मिनिटं. पाणी २६.६ वरून २४.४. शिकवणी दोन दिवस बंद ठेवली. ढगाळ दिवशी कंट्रोलरने पंप फिरवला नाही म्हणून दादाला वाटलं बिघडला. बिघडला नव्हता, फिरवून मिळण्यासारखं काही नव्हतं म्हणून थांबला होता.

याच आठवड्यात ताण तोडायचा आहे. बगीच्याला पाणी सुरू होईल आणि दादाचा दुपारचा वेळ जाईल. मॅडम आणि गावातली दोन पोहणारी पोरं आळीपाळीने थांबणार आहेत.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर पोरं थेट हौदावर. दुपारपर्यंत थांबायला लावलं. ४ वाजता २७.३. सतरा पोरं, दोन तुकड्या, आणि पहिली तुकडी पस्तीस मिनिटं पाण्यात होती. नोव्हेंबरात आठ मिनिटं. टॉवेलात कुडकुडलेली ती लहान मुलगी आज पाठीवर तरंगली. मॅडमचा हात पाठीखाली होता, मग एक बोट, मग काहीच नाही. तिला कळलं तेव्हा ती घाबरली नाही, आभाळाकडे बघत तशीच पडून राहिली.

काकाजीही होते. त्यांनी पुन्हा परतीच्या पाइपाखाली हात धरला. मग वाकून हौदात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. उद्या नातवाला पाठवतो म्हणाले.

१६ फेब्रुवारी

२८.४. कंट्रोलर आता २८.५ ला स्वतःच थांबतो, त्यापुढे ऊन नको. बबल शीटचे फुगे उन्हाने कडक होऊन फुटायला लागले आहेत. पॅकिंगची शीट एका हंगामापुरतीच.

२ मार्च

क्लोरीन टाकणं तीन दिवसांपूर्वी थांबवलं होतं. आज शीट काढली, उन्हात पाणी उघडं ठेवलं, तपासणीच्या गोळीने रंग आला नाही. मग पंपाची दिशा बगीच्याकडे वळवली. २४,००० लिटर, २०० झाडं, झाडाला १२० लिटर. बारीक फळं धरली आहेत आणि विहिरीची पातळी उतरायला लागली आहे, त्यामुळे दादाला हे पाणी वेळेवर मिळालं.

लॅटरलमधलं पाणी काढून टाकलं, दोन्ही हेडर उघडे ठेवले, वर शेडनेट अंथरलं. उन्हाळ्यात रिकाम्या नळ्या टिनावर उघड्या ठेवल्या तर ग्रोमेटांचं रबर चिरतं. कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट घासून पाहिले, चांगले आहेत. सेन्सर काढून डब्यात, प्रत्येकावर त्याच्या वजाबाकीचा आकडा लिहून. कोरडी नळी तशीच टिनावर ठेवली. पुतणीला मे महिन्यात ती कितीवर जाते ते पाहायचं आहे, त्यासाठी एक सेन्सर तिने मागून घेतला.

तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर अठरा पोरांची नावं आहेत. बारा जणांपुढे "हौदाची लांबी न थांबता", चौघांपुढे "तरंगता येतं", दोघांपुढे अजून काही नाही. त्या दोघांना नोव्हेंबरात पहिल्या तुकडीत घ्यायचं आहे.